चाळिसाव्या वळणानंतर

आगीच्या बंबाचा जुना पाइप. कॅनव्हासचा, मळकट, रस्त्याच्या अल्याडच्या झाडावरून पल्याडच्या झाडाला बांधलेला. खालून पोल्लाचीकडे जाणारी सरकारी बस हॉर्न देत गेली, तिचा धूर विरला आणि डावीकडच्या पानांतून एक काळंभोर तोंड बाहेर आलं. तोंडाभोवती करड्या-पांढऱ्या केसांची आयाळ, शेपटीला टोकाशी गोंडा. जुन्या शिडीवर पाय देण्याआधी आपण पायरी चाचपतो, तसा त्यानं पाइपावर हात ठेवून तो हलवून पाहिला. मग आमच्याकडे ढुंकूनही न बघता चालत पलीकडे गेलं. त्यामागून दुसरं, तिसरं, मग पोटाला पिलू चिकटलेली मादी. सतरापर्यंत मी मोजली. पुढं दोन पोरांनी पाइपाच्या मधोमध मारामारी सुरू केली आणि माझा हिशेब चुकला.

हे सिंहपुच्छ माकड. साऱ्या जगात फक्त सह्याद्रीत सापडतं, आणि तेही कर्नाटकातल्या अघनाशिनीच्या खोऱ्यापासून दक्षिणेकडे. रानातली एकूण संख्या चार हजारांच्या आत. घनदाट रानात ते जमिनीवर उतरायचं टाळतंच. जन्म, खाणं, झोप, भांडणं सगळं शेंड्यांवरच. अशा प्राण्याला रस्ता ओलांडायला बंबाचा पाइप लागावा, हे दृश्य गमतीचं आहे की लाजिरवाणं, हे मला तेव्हा ठरवता आलं नाही. अजूनही नीट येत नाही.

जागेचं नाव पुदुतोट्टम. पुदु म्हणजे नवा, तोट्टम म्हणजे मळा. तमिळनाडूच्या कोइम्बतूर जिल्ह्यातल्या वालपारै गावाजवळचा हा चहा-कॉफीचा मळा. अण्णामलै व्याघ्र प्रकल्पाची हद्द इथून दूर नाही, पण मी उभा होतो तो कोपरा हद्दीच्या बाहेर. या लेखात मला सांगायचंय ते या बाहेरच्या कोपऱ्यांबद्दल.

अण्णामलै हे आपण केलेलं नाव. मूळ शब्द आनैमलै: आनै म्हणजे हत्ती, मलै म्हणजे डोंगर. पोल्लाचीहून वालपारै पासष्टेक किलोमीटर. आळियार धरणाच्या काठाशी घाट लागतो आणि वळणांवर पाट्या सुरू होतात: १/४०, २/४०, ३/४०. शाळेत परीक्षेचे गुण मिळायचे तसे. नवव्या वळणाच्या आसपास कड्यावर निलगिरी ताहर हमखास दिसतात, त्यामुळे तिथं गाड्यांची गर्दी असते. ताहर मात्र गाड्यांना कंटाळलेले दिसतात. वर जाता जाता हवा गार होते, झुडपं जाऊन झाडं येतात, आणि चाळिसावं वळण संपलं की आता खरं जंगल लागणार असं वाटत असतानाच समोर येतो चहा. जिकडे बघावं तिकडे चहा, टेकड्यांना वस्तऱ्यानं भादरल्यासारखा. मधेमधे उंच, विरळ, करड्या पानांचे सिल्व्हर ओक. हे झाड ऑस्ट्रेलियाचं, सावलीसाठी आणलेलं.

नकाशा उघडला की हे कोडं सुटतं. व्याघ्र प्रकल्पाचा गाभा ९५८ चौरस किलोमीटर. पश्चिमेला आणि दक्षिणेला केरळचं परांबिकुलम, वाळच्चाल, एरविकुलम, चिन्नार. आणि या सगळ्या संरक्षित हिरव्याच्या मधोमध वालपारैचं पठार, सुमारे २२० चौरस किलोमीटरचं. जंगल म्हणजे मेदूवडा आणि वालपारै म्हणजे त्याचं भोक. फक्त या भोकात हजारो माणसं राहतात, चहाचे कारखाने चालतात, आणि रात्री हत्ती फिरतात.

हे भोक पडलं कसं, या गोष्टीचं एक टोक मुंबईत आहे. १८४०च्या दशकाच्या अखेरीस कंपनी सरकारनं अण्णामलैच्या सागवानावर एक लष्करी अधिकारी नेमला तो मुंबईच्या गोदीला जहाजांसाठी लाकूड हवं म्हणून. ओंडके डोंगरमाथ्यावरून खाली घसरवत सोडले जात, त्यावरून एका ठिकाणाचं नाव टॉपस्लिप पडलं ते आजही तसंच आहे. जहाजांनंतर रेल्वे आली आणि तिला स्लीपर लागले. त्याच टॉपस्लिपला पुढं १९१५च्या सुमारास ह्यूगो वूड नावाचा वनाधिकारी आला. खिशात सागाचं बी घेऊन काठीनं भोक पाडत हिंडणारा माणूस म्हणून तो ओळखला जातो, आणि त्याची कबर त्याच्या इच्छेप्रमाणे तिथंच आहे. माणूस मोठा, यात शंका नाही. पण त्यानं लावलं ते सागाचं रान. वरच्या पठारावरचं सदाहरित जंगल त्याच्या काठीच्या पलीकडचं होतं, आणि तिथं १८९०च्या दशकापासून मळेवाल्यांच्या कुऱ्हाडी चालू झाल्या होत्या. आधी कॉफी, मग चहा. तीन-चार दशकांत पठार साफ झालं.

साफ, पण पूर्ण नाही. जिथं उतार फार, जिथं ओढा, जिथं जळणासाठी रान राखायचं, किंवा जिथं सावलीत वेलदोडा लावायचा, तिथं तुकडे उरले. असे चाळीसेक. कुठं एकर-दोन एकर, कुठं दोन-तीनशे हेक्टर. बहुतेक मळ्यांच्या खासगी मालकीचे. १९७६ साली भोवतालचं जंगल अभयारण्य झालं, २००७ साली व्याघ्र प्रकल्प झाला. हे तुकडे दोन्ही वेळा रेषेच्या बाहेर राहिले.

आमच्या सावंतवाडीच्या माणसाला पावसाचा मोठा अभिमान. आंबोलीला वर्षाला सात हजार मिलिमीटर पडतो, वालपारैला त्याच्या निम्म्याच्या आसपास. मग वर्षावन म्हणून दिमाख यांचा का, असा प्रश्न मी पहिल्याच दिवशी केला होता. उत्तर सोपं निघालं. झाडाला पाऊस किती पडला याच्याशी फारसं देणंघेणं नसतं. कोरडे महिने किती, याच्याशी असतं. आपल्याकडे सगळा चार महिन्यांत धो धो ओतून जातो आणि मग ऑक्टोबरपासून मेपर्यंत जमीन तडकते. अण्णामलैत नैर्ऋत्य मोसमी पाऊस ओसरतो तोच ईशान्येचा येतो, मार्चनंतर वळवाच्या सरी लागतात. खरे कोरडे महिने दोन-तीन. पानं गाळायची झाडाला गरजच पडत नाही. उत्तर सह्याद्रीत महाबळेश्वर, भीमाशंकरच्या माथ्यावर धुक्याच्या आधारानं तग धरून आहे ते अंजन, जांभूळ, पिशाचं बुटकं सदाहरित रान. इकडे त्याच माळेतलं दक्षिणेचं रान आहे, चाळीस मीटरपर्यंत चढणारं: कुलेनिया, नागचाफा, पॅलाक्वियम.

यातलं कुलेनिया मला आवडलं. फणसासारखी या झाडाची फुलं थेट फांदीच्या लाकडाला लगडतात, पाकळ्या नसलेली, बदामी रंगाची, झुबक्यांनी. फळ म्हणजे काट्यांचा चेंडू. पूर्वेकडच्या ड्युरियनचं हे भावंड. उन्हाळ्याच्या तोंडावर रानात दुसरं खायला थोडं असतं तेव्हा ही फुलं सिंहपुच्छ खातं, निलगिरी वानर खातं, वटवाघळं खातात आणि शेकरूही खातं. शेकरू म्हटल्यावर मी उगाच सरसावून बसलो, कारण तो आपला राज्यप्राणी. इकडचं शेकरू रंगानं जास्त काळं, अंगानं दांडगं, पण आवाज तोच, भीमाशंकरच्या देवळामागं येतो तसा खडखडाटी.

पुदुतोट्टमला कुलेनियाची झाडं थोडी उरलीत आणि माकडं मात्र वाढलीत. नव्वदच्या दशकात या शंभरेक हेक्टरच्या तुकड्यात तीस-पस्तीस माकडं होती, आता दीडशेच्या पुढं आहेत. वरवर पाहता ही आनंदाची बातमी. पण तुकडा बेट आहे. वयात आलेल्या नराला दुसऱ्या कळपात जायचं तर मधे चहा आणि चहावरून झाडांच्या शेंड्यांतला रस्ता नाही. म्हणून माकडं जमिनीवर उतरली. उतरल्यावर रस्ता सापडला, रस्त्यावर गाड्या, गाड्यांत पर्यटक, पर्यटकांच्या हातात बिस्किटं. पुढं गावातल्या घरांची कौलं, स्वयंपाकघरं, कचरापेट्या. मी गेलो त्या सकाळी रस्त्यावर हातात काठी नि तोंडात शिट्टी घेऊन एक राखणदार उभा होता. त्याचं काम एवढंच: माकडं खाली उतरली की गाड्या थांबवायच्या आणि खायला घालणाऱ्यांना हात जोडायचे. नंबरप्लेटा पाहिल्या. केरळ, कर्नाटक, तमिळनाडू आणि एक एम.एच. बारा. त्या गाडीतल्या बाई फोटो काढताना मुलाला म्हणाल्या, अरे, हे बघ हनुमान. हात जोडून झाल्यावर केळंही बाहेर आलं. मी माझं मराठी तोंडातच ठेवलं, हे कबूल करतो.

पाइपांचे हे पूल बांधण्यात नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशन या म्हैसूरच्या संस्थेचा मोठा हात आहे. संस्थेचे टी. आर. शंकर रामन आणि दिव्या मुडप्पा हे दोघे शास्त्रज्ञ वालपारैत दोन तपांहून अधिक काळ ठाण मांडून आहेत. त्यांनी घेतलेलं दुसरं काम पुलांइतकं फोटोत येत नाही, पण मला पुलांपेक्षा मोठं वाटतं. उरलेल्या तुकड्यांत ते जंगल परत लावतात.

"लावतात" या शब्दानं आपल्या डोळ्यांपुढं जे येतं ते बाजूला ठेवायला हवं. २०१९च्या पावसाळ्यात आपल्या राज्यानं ३३ कोटी रोपं लावायचं ठरवलं होतं. खड्डा, रोप, फोटो, आकडा. इथल्या रोपवाटिकेत मी जूनमध्ये एक अख्खा दिवस बसलो आणि लक्षात आलं की हे काम मुळात लावण्याचं नाहीच, गोळा करण्याचं आणि वाट बघण्याचं आहे. पावसाळी जंगलातल्या बऱ्याच झाडांचं बी साठवता येत नाही. ते ओलं असतं आणि वाळलं की मरतं. गहू-ज्वारीसारखं कणगीत ठेवून पुढच्या मृगाला काढू म्हटलं तर काही उरत नाही. ते पडेल त्या हंगामात उचलायचं आणि थोड्या दिवसांत पिशवीतल्या मातीत घालायचं. एक झाड दोन वर्षं बीच धरत नाही, दुसरं फक्त फेब्रुवारीत धरतं. मोठ्या जंगलातलं बी उचलायचं नाही, ते जंगलाचं. रस्त्याच्या कडेला डांबरावर पडलेलं उचलायचं, ते तसंही चाकाखाली जाणार. कोणाच्या विष्ठेत बी मिळालं तर फारच छान, कारण मग ते साफ होऊन आलेलं असतं. यात सगळ्यात मोठा वाटा कांडेचोराचा. इथला कांडेचोर तपकिरी, सह्याद्रीचाच, दुसरीकडे कुठं न सापडणारा. त्याच्यावर दिव्या मुडप्पांनी डॉक्टरेट केली. रात्रभर फळं खात हिंडतो आणि सकाळी खडकावर पुढच्या शंभर वर्षांची पेरणी करून जातो.

आतापर्यंत दीडशेहून जास्त देशी जातींची रोपं या वाटिकेतून गेली आहेत. ओळीनं पिशव्या: जांभळाची भावंडं, रुद्राक्षाची भावंडं, रानजायफळ, काळा धूप, कुलेनिया, नागचाफा. पावसाळा लागला की मळेवाल्या कंपन्यांशी करार केलेल्या तुकड्यांत ती जातात. तिथं आधी घाणेरी काढावी लागते. घाणेरी उपटताना तिच्याखाली आपसूक उगवलेली देशी रोपं जपावी लागतात, म्हणून जेसीबी चालत नाही, हातच लागतात, आणि ज्यांना पान ओळखता येतं असे हात. मग जिथं ऊन आहे तिथं चांदाड्यासारखी उन्हाला न भिणारी झाडं, सावलीत सावलीतली. नंतर दोन-तीन वर्षं पुन्हा पुन्हा तण. मला घेऊन फिरणाऱ्या, रोपवाटिकेतल्या बाईंच्या पायाला जळवा लागत होत्या आणि त्या तंबाखूच्या पाण्याचा बोळा लावून त्या झटकत होत्या. बोलणं मात्र थांबत नव्हतं. त्यांनी पंधरा वर्षांपूर्वी लावलेल्या तुकड्यात नेलं. घाणेरीचा मागमूस नव्हता. पायाखाली पानांचा थर, वर छत, आणि छतात भोकं. हे जंगल झालं का, असं मी विचारलं. त्या हसल्या आणि शेजारच्या एका जुन्या झाडाच्या बुंध्यावर हात थापटला. चौघांनी हात धरून कवळ घालावी असा तो बुंधा.

त्या थापटण्याला आकड्यांचाही आधार आहे. लावलेले तुकडे, नुसते सोडून दिलेले तुकडे आणि शाबूत जंगल अशी तुलना या संस्थेनं केली. लावलेल्या तुकड्यांत सात ते पंधरा वर्षांत छत जास्त दाटलं, जाती जास्त आल्या, लाकडात कार्बन जास्त साठला. पण शाबूत जंगलापासून ते अजून बरेच लांब आहेत. मला महत्त्वाची वाटली ती आणखी एक गोष्ट: लावण्याचा फायदा सर्वांत जास्त दिसला तो मोठ्या जंगलापासून तुटलेल्या तुकड्यांत. जंगल शेजारी असेल तिथं पक्षी आणि कांडेचोर आपले आपण काम करतात. आपण घाणेरी काढून बाजूला व्हावं हे बरं. आपल्याकडे बरोबर उलटं चालतं. जिथं जंगल स्वतःहून येत असतं तिथं आपण ते झुडूप म्हणून काढतो आणि खड्डे खणतो.

जानेवारीत दुसऱ्यांदा गेलो तो धनेशासाठी. महाधनेश, आमच्या तळकोकणात काही जण त्याला गरुडच म्हणतात. तो उडताना पंखांचा जो आवाज येतो त्याला माझ्या आजोबांनी आगगाडीची उपमा दिली होती. आजोबांनी आगगाडी आयुष्यात दोनदाच पाहिली होती, पण उपमा चपखल आहे. मादी जुन्या झाडाच्या ढोलीत शिरते आणि विष्ठेनं नि फळांच्या गरानं तोंड लिंपून घेते. एक चीर तेवढी राहते. तीन-चार महिने नर त्या चिरेतून तिला, मग पिलाला भरवतो. नर मेला तर ढोलीतल्यांचं भविष्य बहुधा अंधारातच संपतं. त्याला अशी ढोल लागते ती शंभर-दोनशे वर्षांच्या झाडातच, आणि भरवायला उंबर-वडाच्या कुळातली बारमाही फळं. आश्चर्य हे की वालपारैत महाधनेश चहामळ्यांच्या कडेला उरलेल्या मोठ्या झाडांतही घरटी करतो. त्याला कोणी सांगितलेलं नाही की हद्द कुठं संपते.

हीच गोष्ट आपल्याकडे संगमेश्वर तालुक्यात आहे. तिथले जुने अजस्र बेहडे धनेशाची घरटी धरून आहेत, आणि बेहडा तोडून विकला की थोडे पैसे मिळतात. पुण्याच्या अप्लाइड एन्व्हायर्न्मेंटल रिसर्च फाउंडेशननं तिथं बेहड्याच्या फळांना फेअरवाइल्ड प्रमाणपत्राच्या आधारानं चांगलं गिऱ्हाईक मिळवून दिलं, म्हणजे झाड उभं राहण्यात मालकाचंही हित. कल्पना साधी आहे, म्हणूनच पटते. वालपारैला चहा कंपन्या आहेत, कोकणात दहा गुंठ्यांत सात हिस्सेदार; पण दोन्हीकडे झाड सरकारच्या हातात नाही, हे सारखं.

आता हत्ती.

पठारावर ऐंशी ते शंभर हत्तींची ये-जा असते, नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जास्त. दिवसा ते उरलेल्या तुकड्यांत आणि नडुआर-शोलयार नदीच्या काठच्या झाडीत पडून राहतात. अंधार पडला की चहातून चालत पुढच्या तुकड्याला. चहाला ते तोंड लावत नाहीत. तोंड लावतात ते रेशन दुकानाच्या तांदळाला आणि शाळेतल्या माध्यान्ह भोजनाच्या कोठीला. १९९४पासूनच्या दोनेक दशकांत पठारावर चाळीसच्या आसपास माणसं हत्तींमुळे मेली. नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशनचे एम. आनंद कुमार यांनी एकेका मृत्यूची माहिती काढली तेव्हा एक साधी, भयंकर गोष्ट पुढं आली: बहुतेकांना समोर हत्ती आहे हे ठाऊकच नव्हतं. संध्याकाळी बसमधून उतरून लाइनीतल्या, म्हणजे मळ्याच्या कामगार चाळीतल्या घरी चालत जाणारे, पहाटे परसात जाणारे. हत्तीनं गाठून मारलं असं नव्हतं. दोघे वळणावर एकमेकांना धडकले.

मग उपाय हत्तीवर करायचा नाही, बातमीवर करायचा, असं ठरलं. आधी गावच्या केबल टीव्हीवर, मालिकेच्या खालून सरकणारी पट्टी: आज हत्ती अमुक मळ्यात. पुढं २०११पासून मोबाइलवर संदेश, आणि मोक्याच्या उंच जागी लाल दिवे. हत्ती जवळपास असतील तर दिवा लावायचा, तोही फोन करून, कुठूनही. दिवा किलोमीटरभरावरून दिसतो. दिवा लागलेला असेल तर बसवाला थांबतो, माणसं घोळक्यानं जातात किंवा आदल्या थांब्यावर पाहुण्यांकडे चहा घेतात. संदेश मिळणारी माणसं चार हजारांवर गेली. मृत्यू कमी झाले. २०१५ साली आनंद कुमारांना याच कामासाठी व्हिटली पुरस्कार मिळाला.

एका संध्याकाळी मी ज्या जीपमध्ये होतो तिच्यातल्या तरुणाचं काम म्हणजे रोज मावळतीला हत्ती कुठं आहेत ते पाहणं आणि कळवणं. रोज, रविवारी आणि पोंगललाही. आम्ही एका वळणावर दिवे बंद करून बसलो. समोर ओढ्याकाठी सहा आकृत्या. त्यांतली एक इतकी छोटी की आईच्या पायांतच मावत होती. तरुणानं फोन लावला, संदेश सांगितला, मग टेकडीवरचा लाल ठिपका पेटला. लांब कुठंतरी लाइनीतल्या एका घराचं दार लागल्याचा आवाज आला. एवढंच झालं. पेपरात छापण्याजोगं काही घडलं नाही, आणि ते घडू नये यासाठीच तो माणूस रोज येतो.

या व्यवस्थेला नव्या चिरा पडताहेत, तेही सांगायला हवं. तमिळ कामगारांची पोरं तिरुप्पूरच्या कापड कारखान्यांत गेली, मळ्यांत आता झारखंड, आसाम, ओडिशाची माणसं आहेत. त्यांना तमिळ संदेश वाचता येत नाही, हत्तीचा वास ओळखता येत नाही. बिबट्यांचा प्रश्न वेगळाच. लाइनींलगत वाढलेल्या झाडोऱ्यात तो येतो आणि लहान पोरं दगावतात. त्या घरासमोर उभं राहून जैवविविधतेवर बोलायची माझी तरी छाती होणार नाही.

आणि या सगळ्यांच्या आधीचे कादर. अण्णामलैचे मूळ रहिवासी: मध, डिंक, धूप गोळा करणारे, धनेशाची प्रत्येक ढोल ठाऊक असणारे. खाली केरळात वाळच्चालला कादरच धनेशाच्या घरट्यांची राखण आणि नोंद करतात. चालकुडी नदीवरच्या १६३ मेगावॉटच्या आदिरप्पळ्ळी प्रकल्पाला विरोध करण्यात तेच पुढं होते, कारण नदीकाठचं ते रान पाण्याखाली गेलं असतं तर खालच्या उंचीवरची धनेशाची घरटीही गेली असती. तमिळनाडूच्या बाजूला, व्याघ्र प्रकल्पाच्या आतल्या कल्लार वस्तीवर ऑगस्ट २०१९च्या अतिवृष्टीत दरड आली. माणसं वर तेप्पकुळमेडूला गेली. जवळच, आपल्याच रानात. तर वनखात्याच्या हिशेबात ते अतिक्रमण ठरलं, आणि जागेचा हक्क मिळायला दोन वर्षं झगडावं लागलं. वाघासाठी काढलेल्या रेषेच्या आत ज्यांची शेकडो वर्षं गेली त्यांना पाचशे पावलं सरकायला परवानगी लागते. त्याच रेषेबाहेर, शंभर वर्षांपूर्वी कुऱ्हाड घेऊन आलेल्या मळ्यांना भाडेपट्टे. हा हिशेब मला कुणी समजावून सांगितला तर मी ऐकायला तयार आहे.

परतीच्या गाडीत मनात आमच्याकडचं दोडामार्ग होतं. २००२ साली कर्नाटकातून तिळारीच्या खोऱ्यात हत्ती उतरले तेव्हा पहिले काही दिवस बायका हळदकुंकू घेऊन गेल्या होत्या. गणपतीच आला घरी. मग केळी गेली, माड गेले, पोफळी गेल्या. खंदक झाले, सुतळी बॉम्ब झाले, मोर्चे झाले, पकडमोहिमा झाल्या. एप्रिल २०२५मध्ये मोर्ले गावात हत्तीनं एका शेतकऱ्याचा जीव घेतला. आमच्याकडे हत्ती बोटांवर मोजण्याइतके. वालपारैला शंभर. तरी चर्चा तिथं दिव्याची चालते आणि इथं हत्ती हाकलायची.

दोडामार्गच्या डोंगरांवर खासगी मालकीचं रान आहे आणि त्यातलं किती रबर नि अननसाखाली गेलं ते बांद्याहून तिळारीला जाणाऱ्या कुणालाही दिसतं. विकत घेणारे बरेचसे केरळचे, म्हणजे मी ज्या डोंगरावरून परत येत होतो त्याच्याच पायथ्याचे. २०१३ साली मुंबई उच्च न्यायालयानं सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यातल्या वृक्षतोडीला मनाई केली. २०२०मध्ये तिळारीचं २९.५३ चौरस किलोमीटर संवर्धन राखीव झालं. चांगलं झालं. पण हत्तीची रात्रीची वाट एकोणतीस चौरस किलोमीटरच्या हिशेबानं ठरत नाही, आणि ज्याच्या पोफळी गेल्या त्याला भरपाई मिळेपर्यंत पुढचा हंगाम येतो. तिथंही रोज मावळतीला फोन हातात घेऊन वळणावर बसणारं कुणीतरी हवं, आणि बाजारभाव पडला तरी डोंगर न विकता येण्याजोगं मालकाकडे काहीतरी हवं. वालपारैला करार कंपनीशी होतो, सही एक. आमच्या गावात सातबारावर नावं बावीस, त्यातली निम्मी मुंबईत. मी स्वतः त्यातलाच एक आहे.

वालपारैतल्या शेवटच्या सकाळी बस उशिरा होती म्हणून रस्त्यानं चालत सुटलो. रात्री पाऊस पडून गेला होता. डांबरावर, वळणाच्या आतल्या बाजूला, जांभळ्या-काळ्या सालीची फळं पडली होती, काही फुटलेली, आत टणक बी. रोपवाटिकेतला धडा आठवला आणि मी बसून ती वेचू लागलो, रुमाल भरला. रोपवाटिकेत नेऊन त्या बाईंच्या पुढ्यात मोठ्या तोऱ्यात मोकळा केला. त्यांनी एक बी उचललं, अंगठ्यानं साल सोलली. आफ्रिकेचं झाड, कॉफीला सावली म्हणून आणलेलं, पक्षी फळं खातात आणि रानभर पसरवतात. गेली काही वर्षं आम्ही तेच उपटतोय. असं सांगून त्यांनी रुमाल झटकला, पण बिया जमिनीवर पडू दिल्या नाहीत. एका डब्यात घातल्या, झाकण लावलं आणि रुमाल घडी करून मला परत दिला.